फॉर्म बी घेण्याआधी: जुन्या इमारतीत आग आणि आवाजाची तपासणी कोणत्या क्रमाने करायची

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत अग्निसुरक्षेची तपासणी म्हणजे लाल सिलिंडर भरून आणणं. जानेवारी किंवा जुलै उजाडला की एजन्सीला फोन जातो, माणूस येतो, सिलिंडरवर नवे स्टिकर लागतात, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, मिळतो आणि फाइल कपाटात जाते.

आवाजाच्या तक्रारींचं खातं वेगळं. पंप घरघरतो, लिफ्ट खडखडते, वरच्या माळ्यावरचं बोलणं डक्टमधून ऐकू येतं. मग कोणीतरी डक्टमध्ये फोम कोंबतं, जिन्याच्या खिडक्यांना काचा बसवतं, रात्रीचा पंप बंद ठेवायला लावतं. यातल्या प्रत्येक उपायाने आवाज कमी होतो, आणि आग लागली तर त्यानेच माणसं अडकतात. म्हणून या दोन्ही तपासण्या एकाच फेरीत, एकाच वहीत करा. दोन्हींचा मेळ बसेना तिथे आगीचं ऐकायचं, झोपमोडीचं नंतर.

खालचा क्रम राहत्या, पाच-सात माळ्यांपासून उंच टॉवरपर्यंतच्या सोसायट्यांसाठी आहे. चाळी आणि बैठ्या जुन्या इमारतींबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

## टप्पा १: कागद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे सोसायटीची. एजन्सी तपासून प्रमाणपत्र देते, पण म्हणून जबाबदारी तिच्या गळ्यात जात नाही. यंत्रणा बसवल्यावर मिळतो तो फॉर्म ए. ती चालू स्थितीत असल्याचा, दर जानेवारीत आणि जुलैत लागणारा, तो फॉर्म बी.

फेरीला निघण्याआधी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन दलाची एन.ओ.सी. आणि मागचे दोन फॉर्म बी टेबलावर मांडा. यातली एन.ओ.सी. शांतपणे वाचा. तुमच्या इमारतीत काय असायला हवं याची खरी यादी त्या अटींमध्ये असते: टाक्या किती लिटरच्या, पंप किती, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी येऊन थांबायची मोकळी जागा) कोणत्या माळ्यावर, गाडीसाठी किती जागा मोकळी. पुष्कळ कमिट्यांनी हा कागद उघडूनही पाहिलेला नसतो. एन.ओ.सी.मधल्या प्रत्येक अटीला एक ओळ, अशी तपासणीची वही तयार करा. इंटरनेटवरची तयार यादी घेऊ नका, तिच्यात तुमचा जिना नसतो.

इथे चूक होते: एजन्सीचा परवाना चालू आहे का हे कोणी बघत नाही. परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं आणि त्याला मुदत असते. परवान्याची प्रत मागा, तारीख बघा, मग दर विचारा.

## टप्पा २: माणसं आणि वेळ

लागणारी माणसं: कमिटीतला एक, पंप चालवणारा, इलेक्ट्रिशियन, लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक आणि दोन्ही पाळ्यांचे वॉचमन. रात्रीचा वॉचमन वगळू नका. आग रात्री लागली तर अलार्मच्या पॅनेलपाशी तोच असणार.

फेरी दोन भागांत करा. चढउतार, पंप आणि पाणी सकाळी. आवाजाची मोजणी रात्री साडेदहानंतर. पालिकेचं पाणी येऊन टाकी भरली की मगच पंपाला हात लावायचा. चार दिवस आधी नोटीस लावा आणि अलार्म किती वाजता वाजणार ते तीत स्पष्ट लिहा. घरात आजारी, तान्हं बाळ किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर बेल वाजवून समक्ष सांगा.

हत्यारं साधी आहेत: चांगला टॉर्च, प्रेशर गेज, मोजपट्टी, खडू आणि ध्वनिमापक. मोबाइलवरचं ॲप दोन खोल्यांची तुलना करायला चालतं, कुठे दाखल करायच्या अहवालाला चालत नाही. मोजताना मापक 'ए' वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे मोजणाऱ्या सेटिंगवर, ठेवा.

## टप्पा ३: वर लिफ्टने, खाली जिन्याने

गच्चीपासून सुरू करा. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कुठे आहे ते वॉचमनला विचारा आणि घड्याळ लावून आणायला सांगा. उत्तर 'सेक्रेटरींकडे' असेल, तर ते गावाला गेल्यावर काय, हा प्रश्न वहीत लिहा.

मग एकेक माळा उतरत या. शू-रॅक, सायकल, तुळशीची कुंडी, कोणाचं तरी जुनं कपाट. पॅसेजची रुंदी प्रत्येक माळ्यावर सर्वांत अरुंद जागी मोजा आणि आकडा लिहा. 'अडथळा आहे' एवढंच लिहिलं की वाद होतो, 'नकाशात दीड मीटर, प्रत्यक्षात ८० सेंटिमीटर' लिहिलं की होत नाही. बाहेर उघडणारी सेफ्टी डोअर एकमेकांवर आपटतात का, तेही उघडून बघा.

रेफ्यूज एरियात काय आहे? टेबल टेनिस, जिमचं सामान, गणपतीचं मखर, बिल्डरच्या उरलेल्या टाइल्स. तिथे काहीही नको.

आग-दारं, म्हणजे आग आणि धूर अडवणारी दारं, स्वतःहून बंद झाली पाहिजेत. दाराखाली अडकवलेली लाकडी पाचर दिसली की काढून खिशात घाला. ती का लावली होती तेही विचारा. बहुतेकदा दार धाडकन आपटतं म्हणून शेजारच्या घराने लावलेली असते. उपाय म्हणजे डोअर क्लोजरचा स्क्रू फिरवून शेवटचा वेग कमी करणं. पाच मिनिटांचं काम आहे.

खाली आल्यावर आवारात उभे राहा आणि अग्निशमन दलाची गाडी कुठून आत येईल ते गेटपासून चालून बघा. वाटेतली प्रत्येक गाडी नोंदवा. भिंतीवरचा फायर ब्रिगेड इनलेट शोधा. दलाची गाडी इथूनच तुमच्या राइजरमध्ये (आगीचं पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपमध्ये) पाणी ढकलते. त्याची झाकणं काढून आत टॉर्च मारा. गुटख्याच्या पुड्या, सिगारेटची पाकिटं, एकदा तर क्रिकेटचा रबरी चेंडू निघाला. हा कचरा पाण्याबरोबर वर जाऊन नोझलमध्ये अडकतो.

सिलिंडर याच फेरीत उरकतात. काटा हिरव्यात, पिन आणि सील जागेवर, टॅगवर तारीख. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावर तपासतात. वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर भरून आणायचा.

## टप्पा ४: भेगा, डक्ट आणि खिडक्या

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे, आणि सर्वांत जास्त घोळही इथेच होतो. मुंबईच्या इमारतींत घरांत धूर पसरतो तो बहुधा इलेक्ट्रिक डक्टमधून आणि जिन्यातून. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगाव पश्चिमेला एका पुनर्वसन इमारतीत आग तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये लागली आणि धूर वरच्या माळ्यांवर पोचला. आवाजाच्या वाटाही याच. ज्या भोकातून खालच्या घराचा टीव्ही ऐकू येतो त्यातून धूरही येणार.

उभ्या वाटा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

इलेक्ट्रिक आणि केबलचा डक्ट: प्रत्येक स्लॅबपाशी बंद हवा. दार उघडून टॉर्च खाली मारा. खालच्या माळ्याचा उजेड किंवा जमीन दिसली, तर डक्ट म्हणजे सरळ धुराडं आहे. इंटरनेटवाल्यांनी भोकं पाडून तशीच सोडलेली असतात. ही जागा रॉकवूल आणि त्यावर उष्णतेने फुगणारा आग-सीलंट किंवा आग-मॉर्टर यांनी बुजवायची. रॉकवूल जळत नाही आणि आवाजही अडवतं, एका खर्चात दोन्ही कामं होतात. पिवळा स्प्रे फोम, थर्माकोल, चिंध्या, अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा स्टुडिओ फोम यांपैकी काहीही चालणार नाही. 'फायर रेटेड' म्हणून विकतात तो स्प्रे फोमसुद्धा चाचणीचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय घेऊ नका.

संडास-बाथरूमचा मोकळा डक्ट: वरून उघडाच राहायला हवा. पावसाचं पाणी आणि कबुतरं नकोत म्हणून गच्चीवर त्यावर प्लास्टिकचे पत्रे ठोकलेले असतात. ते काढा. कबुतरांसाठी जाळी लावा.

जिन्याच्या खिडक्या आणि जाळ्या: उघड्या राहायला हव्यात. जुन्या इमारतीत जिन्यातला धूर बाहेर काढायची हीच एक सोय. हायवेचा आवाज येतो म्हणून सरकत्या काचा बसवल्या, की जिना बाटलीसारखा बंद होतो. रस्त्याचा आवाज नको असेल तर खर्च घराच्या खिडक्यांवर करा, जिन्यावर नको. यावर कमिटीत भांडण होतं, होऊ द्या.

दारांच्या फटी बघायला उदबत्ती उपयोगी पडते. आग-दाराच्या कडेने धूर सावकाश फिरवा. जिथे खेचला जातो तिथली पट्टी गेली आहे. गॅस पाइपच्या किंवा विजेच्या डक्टपाशी मात्र उदबत्ती नको, तिथे टॉर्चच.

पुढे जाण्याआधी तपासा: हॉल, क्लब-रूम किंवा कोणाच्या घरातल्या 'होम थिएटर'च्या भिंतींवर आवाजासाठी फोम चिकटवला आहे का? सामायिक जागेत असेल तर काढायचा. घरात असेल तर त्या कुटुंबाला तो कसा पेटतो ते समजावून सांगा.

## टप्पा ५: पाणी आणि पंप

आधी कान लावा. सगळं बंद असताना पंप-रूमपाशी अर्धा तास थांबा आणि जॉकी पंप किती वेळा सुरू होतो ते मोजा. पाइपमधलं प्रेशर जरासं उतरलं की ते भरून काढणं एवढंच त्याचं काम. दर पाच-दहा मिनिटांनी घरघरत असेल तर राइजरमध्ये कुठेतरी गळती आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

आता नेहमीचा संवाद.

"जॉकी बंद का आहे?"

"पहिल्या माळ्यावरचे काका ओरडतात साहेब, रात्री झोप लागत नाही म्हणून. सेक्रेटरी बोलले ऑटो काढून ठेव."

काकांची तक्रार खरी आहे, फक्त ती गळतीची आहे. गळती काढली की पंप तासन्‌तास गप्प राहतो. स्विच बंद केला की आवाजही जातो आणि पाइपमधलं पाणीही.

पंपाची चाचणी या क्रमाने करा:

१. टाकीची पातळी डोळ्यांनी बघा, इंडिकेटरवर विसंबू नका. आगीचं राखीव पाणी घरगुती वापरासाठी खेचलं जात नाही ना, ते पाइपची जोडणी बघून ठरवा.

२. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आणि पंपाचं पॅनेल ऑटोवर असल्याची खात्री करा.

३. खालच्या माळ्यावरचा एक हायड्रंट, म्हणजे होज जोडायचा नळ, किंचित उघडा. आधी जॉकी सुरू झाला पाहिजे.

४. आणखी उघडा. प्रेशर खाली गेलं की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. तो बंद हातानेच करायचा असतो. आपोआप बंद होत असेल तर वायरिंग चुकलेलं आहे.

५. लिफ्ट खाली आणून रिकाम्या करा, मग इमारतीचा मेन स्विच पाडा. पंपाच्या पॅनेलमध्ये वीज राहिली पाहिजे, कारण त्याची लाइन वेगळी असते. आग लागल्यावर दल सर्वांत आधी इमारतीची वीज तोडतं.

६. पंपाचीही वीज काढा. डिझेल पंप असेल तर तो बॅटरीवर सुरू झाला पाहिजे.

७. आता गच्चीवर. होज जोडा, दोघांनी नोझल धरा आणि पाणी वाहत असताना प्रेशर वाचा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे सर्वांत वरच्या हायड्रंटला साडेतीन बार मिळायला हवेत.

सर्वांत मोठी चूक: व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज वाचणं. पाणी थांबलेलं असताना काटा छान वर दिसतो. नोझल उघडली की खरं कळतं.

होज रील प्रत्येक माळ्यावर पूर्ण खेचून शेवटच्या घराच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचते का ते बघा. पितळी नोझल चोरीला जातात म्हणून होज बॉक्सला कुलूप लावायची पद्धत आहे. कुलूप हवंच असेल तर किल्ली त्याच बॉक्सवर काचेच्या डबीत ठेवा.

जुलैच्या तपासणीत आणखी एक नोंद: पंप-रूम तळघरात असेल तर पावसात तिथे पाणी साचतं का, आणि मोटरचा पाया त्या पातळीच्या वर आहे का.

## टप्पा ६: अलार्म वाजतो का

अलार्मच्या पॅनेलवर 'सायलेंट' किंवा 'आयसोलेट' केलेले झोन (इमारतीचे भाग) आधी शोधा. झुरळं डिटेक्टरमध्ये शिरतात, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर लागतो, एक-दोनदा खोटा अलार्म होतो आणि झोन कायमचा गप्प केला जातो. हुटरवर, म्हणजे अलार्मच्या भोंग्यावर, चिकटपट्टी किंवा कापडाचा बोळाही सापडतो.

दर वेळी वेगळ्या माळ्याचा कॉल पॉइंट (भिंतीवरचं अलार्मचं बटण) दाबा. पॅनेलवर तोच माळा दिसला पाहिजे. मग पॅनेलची वीज काढून बॅटरीवर पुन्हा वाजवा.

## टप्पा ७: उशीपाशी ऐकू येतो का

हुटर वाजला म्हणजे काम झालं असं धरून बहुतेक तपासण्या इथेच थांबतात. पण पॅसेजमध्ये कान बधिर करणारा आवाज बंद बेडरूममध्ये किती उरतो?

हिशोब ढोबळ आहे. पॅसेजमधला हुटर एका मीटरवर समजा ९५ डेसिबल. घराच्या मुख्य दारापर्यंत ८५ उरला. चांगलं बसणारं मुख्य दार पंचवीसेक खातं, बेडरूमचं दार आणखी वीस. उशीपाशी राहिले ४०. एसीची घरघर जवळपास तेवढीच असते. झोपलेल्या माणसाला काहीही कळणार नाही.

आय.एस. २१८९ या भारतीय मानकाची अपेक्षा अशी: अलार्म किमान ६५ डेसिबल, किंवा तिथल्या सततच्या आवाजापेक्षा ५ ने जास्त, आणि झोपलेल्यांना उठवायचं असेल तर उशीपाशी ७५.

मोजायची रीत:

सर्वांत वाईट खोल्या निवडा. पॅसेजच्या टोकाचं घर, जाड सागवानी दाराचं घर, नुकतं इंटिरिअर केलेलं घर, आणि ज्या माळ्यावर हुटरच नाही तिथलं एक. रात्री, एसी आणि पंखा चालू, दोन्ही दारं बंद. आधी हुटरशिवाय आकडा घ्या, मग हुटर वाजवून घ्या. मापक उशीच्या उंचीवर धरा, खोलीच्या मधोमध उभं राहून नाही. दोन्ही आकडे फ्लॅट नंबरसह वहीत.

कमी पडला तर पॅसेजमध्ये आणखी कर्कश हुटर लावणं हा उपाय नाही. त्याने पॅसेजमधून पळणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. हुटर घराच्या आत, बेडरूमच्या दारापाशी न्या. म्हाताऱ्या माणसांना उंच पट्टीचा चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो, म्हणून झोपायच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला हुटर जास्त चांगला उठवतो. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांची फ्लॅटवार यादी वॉचमनच्या टेबलावर हवी, आणि त्यांच्या दारावर जाऊन थाप मारायची कोणी ते नावानिशी ठरलेलं हवं.

लाउडस्पीकरवरून सूचना द्यायची सोय असेल तर तिची परीक्षा वेगळी. वॉचमनला एका चिठ्ठीवरचं अनोळखी वाक्य वाचायला द्या, उदाहरणार्थ 'बी विंगच्या लोकांनी पूर्वेच्या जिन्याने उतरा'. प्रत्येक माळ्यावर एकाने ऐकलेलं लिहून काढायचं. ग्रॅनाइट आणि मार्बलच्या लॉबीत आवाज एवढा घुमतो की 'पूर्वेच्या' आणि 'दुसऱ्या'त फरक राहत नाही. आवाज वाढवून हे सुटत नाही. स्पीकर जास्त, प्रत्येकाचा आवाज कमी आणि वाक्य छोटं, असं करावं लागतं.

## टप्पा ८: रोजचा आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. ही परिसरातली मर्यादा आहे, तुमच्या बेडरूममधली नाही, हे तक्रार लिहिताना लक्षात ठेवा. जनरेटरला एनक्लोजरपासून एका मीटरवर ७५ ची मर्यादा आहे.

रात्री एकेक यंत्र आलटून पालटून चालू करा आणि तक्रार असलेल्या घरात मोजा. घरगुती पाण्याचा पंप, लिफ्ट, जनरेटर, कूलिंग टॉवर. पंप थांबताना 'धाड' असा ठोका येत असेल तर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघा. वरच्या माळ्यावर लिफ्टचा खडखडाट असेल तर मेकॅनिकला ब्रेक आणि मशीनखालचे रबर दाखवा. घरगुती पंपाखाली रबरी पॅड आणि पाइपला लवचीक जोड चालतो.

सावधान: आगीच्या पंपाला, त्याच्या पाइपला किंवा खोलीच्या हवेच्या झडपांना आवाजासाठी परस्पर हात लावू नका. डिझेल पंपाची खोली फोम लावून बंद केली की इंजिन तापून बंद पडतं. त्यात करायचे बदल एजन्सीकडून लेखी घ्या.

## चाळ किंवा जुनी लाकडी इमारत असेल तर

राइजर नाही, पॅनेल नाही, म्हणून काहीच करायचं नाही असं नाही. लाकडी जिन्याखालचं भंगार, गॅस सिलिंडर आणि चार्जिंगला लावलेल्या ई-बाइक आधी हलवा. मीटर बोर्डातली जळकट वायर, एका पॉइंटवर लोंबणारे तीन एक्स्टेंशन बघा. खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलला एक तरी उघडणारं दार हवं आणि त्याची किल्ली खिळ्यावर तिथेच.

अलार्मसाठी सामायिक गॅलरीत घंटा किंवा बॅटरीवरचा हुटर पुरतो. पूर्वी दारं उघडी असायची, आता खोल्यांत एसी लागलेत, म्हणून टप्पा ७ मधली उशीपाशीची मोजणी इथेही करा.

## टप्पा ९: वही, दुरुस्ती, मग फॉर्म बी

वहीतल्या त्रुटींना तीन रंग द्या. लाल म्हणजे आजच्या आज: कुलपं, पाचरी, बंद झोन, बंद जॉकी, अडवलेला जिना. याला पैसे लागत नाहीत आणि सभाही लागत नाही. पिवळा म्हणजे महिन्याभरात: डक्ट बुजवणं, गळती, बॅटऱ्या. निळा म्हणजे सर्वसाधारण सभेत मंजुरी लागणारा खर्च, जसं घराघरांत हुटर.

दुरुस्ती झाली की तेवढ्या ठिकाणची चाचणी पुन्हा घ्या. डक्ट बुजवल्यावर किंवा दारं बदलल्यावर आवाज पुन्हा मोजा, कारण फटी बुजल्या की हुटरचा आवाजही कमी पोचतो. हे फार लोक विसरतात.

या सगळ्याला सहा-सात आठवडे जातात. जानेवारीच्या फॉर्मसाठी नोव्हेंबरात आणि जुलैच्या फॉर्मसाठी मेमध्ये सुरुवात करा. एजन्सीचा माणूस आला की वही त्याच्यासमोर ठेवा आणि साडेतीन बारची चाचणी त्याच्याबरोबर पुन्हा करा. गच्चीवर न जाता तो खाली ऑफिसातच फॉर्म भरायला बसला, तर तो फॉर्म घेऊ नका.